माल हिंडतो की गिऱ्हाईक?

गेल्या वर्षी माझं कर सल्लागाराचं ऑफिस पाच महिने कायमचं बंद होतं. मी मात्र रोज सकाळी साडेदहाला तिथे जाऊन बसत होतो.

झालं असं की नारायण पेठेतला आमचा जुना वाडा पुनर्विकासाला गेला. मी गल्लीच्या समोरच्या अंगाला दोन खोल्या घेतल्या. पाटी हलवली, फायलींची कपाटं हलवली, चपलांचा रॅकसुद्धा हलवला. मोबाईलवरच्या नकाशातला पत्ता तेवढा हलवायचा राहिला. पाडलेल्या वाड्यासमोर उभं राहून कुणीतरी प्रामाणिकपणे 'कायमचे बंद' असं सुचवलं असणार. नकाशानं ते मानलं आणि मला पत्ताच नाही. शेवटची तारीख तोंडावर आली तरी रिटर्न भरायला नवा माणूस एकही नाही. मी समजूत करून घेतली की लोक आता घरबसल्या स्वतःच भरत असतील. शेवटी एका जुन्या क्लायंटचा जावई जिन्यात भेटला आणि म्हणाला, "अरे, तुम्ही रिटायर झालात ना?"

हे आधीच सांगून टाकलं, कारण पुढे मी जे लिहिणार आहे त्याला उपदेशाचा वास येण्याची शक्यता आहे.

माझ्याकडे तीसेक छोट्या दुकानांचे हिशेब असतात. त्यात 'जाहिरात खर्च' नावाचं एक खातं असतं आणि गावाचा इतिहास त्या खात्यात वाचता येतो. पंधरा-वीस वर्षांपूर्वी त्यात काय असायचं? सकाळच्या पेपरात घालून वाटलेली पत्रकं. दिवाळी अंकातलं पाव पान. रिक्षाच्या मागचा पत्रा. गणपतीत मंडळाच्या कमानीवरची जागा आणि मंडळाच्या अहवालातली 'शुभेच्छुक' जाहिरात, जी खरं तर वर्गणीच असे, पण कमानीवर नाव दिसायचं म्हणून जाहिरातीत धरायची. आता त्याच खात्यात 'रील्स पॅकेज', 'बूस्ट' (म्हणजे पैसे देऊन पोस्ट जास्त लोकांना दाखवणं), 'क्रिएटिव्ह चार्जेस' अशा नोंदी येतात. रक्कम वाढली आहे. विक्रीचं खातं शेजारीच असतं, त्यामुळे दोन्हींकडे एकदम बघायची सवय मला लागली आहे, आणि त्या बघण्यातून माझं एक मत झालं आहे. 'सोशल मीडियाशिवाय धंदा नाही' हे व्यापाऱ्यांच्या कार्यशाळांमधून सरसकट सांगितलं जातं, ते अर्धवट आहे. दुकानदारानं मोबाईल हातात घेण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: आपल्या धंद्यात माल हिंडतो की गिऱ्हाईक?

तांबट आळीचं उदाहरण घ्या. कसबा पेठेत पेशवाईपासून तांब्याची भांडी घडतात. तांब्यावर हातोडीनं ठोके देत मठारकाम करतात, त्यानं भांड्याला बळ येतं आणि अंगावर ते चमकते खळगे उमटतात. हे काम बघणाऱ्याचा हात आपोआप भांड्याकडे जातो. पूर्वी ते बघायला आळीत यावं लागे. आता एक मिनिटाचा व्हिडिओ बंगळुरूत बसलेल्या बाईला तेच दाखवतो, तिला घागर हवीशी वाटते आणि घागर कुरिअरनं जाते. इथे रील करण्यात काहीही गैर नाही. उलट यापेक्षा खरी जाहिरात नसेल, कारण त्यात माणूस आपलं काम करतो आहे, दुसरं काहीही करत नाही. माल हिंडतो, तेव्हा चित्रही हिंडावं.

पण पुण्यातली बहुतेक दुकानं अशी नाहीत. पिठाची गिरणी, चष्म्याचं दुकान, ब्लाउज शिवणारी बाई, सायकलवाला, इस्त्रीवाला, क्लिनिक, क्लास, पोळी-भाजी केंद्र. इथे गिऱ्हाईक हिंडतं, आणि तेही फार लांब हिंडत नाही. कोथरूडचा माणूस पीठ दळायला खराडीला जाणार नाही, मग गिरणीवाल्यानं कितीही छान नाच केला तरी.

आणि नाच करायला सांगतात हो. त्याचंच सांगतो.

शनिवार पेठेत मिक्सर दुरुस्तीचं एक दुकान आहे, रुंदीला जेमतेम आठ फूट. मालकांना सगळे काका म्हणतात, मीही म्हणतो, आमच्या वयात फार अंतर नसलं तरी. त्यांच्या पुतण्यानं आग्रह केला म्हणून त्यांनी एका एजन्सीचं पॅकेज घेतलं: महिन्याला १५ हजार, १२ पोस्ट, ४ रील्स, सणावाराचे क्रिएटिव्ह वेगळे. तीन महिने. सणाचे क्रिएटिव्ह म्हणजे काय, तर संकष्टीला गणपती, खाली काकांचा फोटो आणि 'आमच्या सर्व ग्राहकांना' वगैरे. पुण्यातला प्रत्येक प्लंबर, बिल्डर आणि दातांचा डॉक्टर त्या दिवशी तोच गणपती पाठवत असतो. एका रीलमध्ये काकांना मिक्सरचं भांडं हातात धरून, काळा गॉगल लावून, हिंदी गाण्यावर संथ चालत यायला सांगितलं. ती रील चाळीस हजारांवर लोकांनी पाहिली. खाली ज्वाळांची चित्रं आणि 'काका रॉक्स' असा मजकूर. प्रतिसाद देणारे नागपूरचे, सुरतचे, एक तर दुबईचा. तीन महिन्यांत त्या रीलमुळे दुरुस्तीला आलेले मिक्सर: एक. तो पुतण्याचा होता.

यात एजन्सीनं फसवलं असं मी म्हणणार नाही. सांगितलं होतं तेवढं त्यांनी केलं. गोम रीलच्या यंत्रणेत आहे. फेसबुकनं २०१८ च्या जानेवारीत जाहीर केलं की यापुढे लोकांना आधी त्यांच्या आप्तांच्या आणि मित्रांच्या पोस्ट दिसतील. दुकानांच्या पानांची पोच खाली गेली आणि आपल्याच फॉलोअरपर्यंत पोचायला पैसे मोजायची वेळ आली. मग २०२० च्या जूनअखेर टिकटॉकवर बंदी आली आणि जुलैत इन्स्टाग्रामनं भारतात रील्स आणल्या. रील ओळखीच्यांपेक्षा अनोळखी लोकांना जास्त दाखवली जाते, आणि कोणाला दाखवायची हे ठरतं ते माणूस किती वेळ थांबून बघतो यावर. तो माणूस शनिवार पेठेपासून किती लांब राहतो, ही त्यातली फार छोटी गोष्ट. म्हणजे रील गिऱ्हाईक शोधत नाही, प्रेक्षक शोधते. आणि प्रेक्षकाचा मिक्सर चालू असतो.

मिक्सर बिघडलेला माणूस काय करतो? सकाळी नऊ वाजता खोबरं वाटताना कपलर, म्हणजे भांडं मोटरला जोडणारा तुकडा, तुटतो. घरी पाहुणे यायचे असतात. तो काही कुणाला फॉलो करत बसत नाही. फोनवर 'मिक्सर रिपेअर' टाकतो आणि जवळच्या पहिल्या दोन-तीन नावांना फोन लावतो. त्या क्षणी आपलं नाव तिथे असणं, नंबर बरोबर असणं आणि दुकान उघडं आहे की नाही हे खरं लिहिलेलं असणं, एवढंच काम. गूगल स्वतः सांगतं की या यादीत वर कोण येणार ते तीन गोष्टींवर ठरतं: शोधलेल्या गोष्टीशी मेळ, अंतर आणि नावलौकिक. जाहिरातीची जागा वेगळी विकत मिळते, पण या यादीत पैसे देऊन वर सरकता येत नाही. आणि गूगलवरचं दुकानाच्या माहितीचं पान फुकट असतं. आधी त्याला 'माय बिझनेस' म्हणायचे, २०२१ च्या नोव्हेंबरपासून 'बिझनेस प्रोफाइल' म्हणतात.

एका रविवारी मी आणि काका ते पान भरायला बसलो. पडताळणीसाठी व्हिडिओ लागतो, तोही न थांबवता घेतलेला: आधी गल्ली, मग पाटी, मग दुकान आपलंच आहे हे दिसावं म्हणून किल्लीनं शटर उघडताना. काकांनी शटर वर ढकललं, मी मोबाईल धरून मागे. शेजारचा झेरॉक्सवाला म्हणाला, "काका, परत रील का?" आत गेल्यावर मी समोरच्या लाकडी खणांचा फोटो घेतला. खणांवर निळ्या स्केच पेननं लिहिलेलं: कपलर, बुश, ब्लेड, रबर. कंपनीवार. तो फोटो त्या तीन महिन्यांच्या सगळ्या क्रिएटिव्हपेक्षा बोलका आहे, कारण तो बघून कळतं की या माणसाकडे आपला तुकडा असणार. मग माहितीचा मजकूर. मी काहीतरी 'विश्वासार्ह सेवा' असं लिहायला लागलो, तर काकांनी मोबाईल ओढून घेतला आणि स्वतः सांगितलं: 'कपलर तुटला असल्यास थांबून बदलून मिळेल. मोटर जळली असल्यास दोन दिवस लागतील. मिक्सर धुऊन आणावा.'

मला हसू आलं, पण नंतर वाटलं, हीच तर पुणेरी पाटी. जग ज्याला आता 'कंटेंट' म्हणतं त्याचा शोध पेठांमध्ये केव्हाच लागला होता. आपण पुणेरी पाटीची चेष्टा करतो, तिच्या उद्धटपणाचे किस्से सांगतो. पण तिच्यात कधी 'बेस्ट इन पुणे' लिहिलेलं असायचं नाही. काय मिळेल, कधी मिळेल, काय मिळणार नाही आणि तुमच्याकडून काय अपेक्षा आहे, एवढं चार ओळींत. 'आमची कुठेही शाखा नाही' ही केवढी उपयोगी माहिती आहे! नकाशावरच्या पानाला, व्हॉट्सॲपच्या कॅटलॉगला नेमकी हीच भाषा लागते. आपल्याकडे ती आयती आहे आणि आपण कुठल्या तरी साच्यातून इंग्रजी विशेषणं उचलून पैसे देऊन चिकटवतो.

एक ते चारचंही तसंच. चितळे बंधूंनी २०१७ मध्ये दुपारीही दुकान उघडं ठेवायचं ठरवलं तर त्याची बातमी झाली, इतकी ती वेळ आपल्या अंगात मुरलेली. माझं मत असं की दुपारी दुकान बंद ठेवणं हा गुन्हा नाही. बंद असल्याचं गिऱ्हाईकाला बंद शटरसमोर उन्हात उभं राहून कळणं, हा गुन्हा. नकाशावर सकाळची आणि संध्याकाळची वेळ वेगवेगळी टाकता येते. सुट्ट्यांच्या खास वेळा टाकता येतात. विसर्जन मिरवणुकीच्या दिवशी पेठांतले रस्ते बंद असतात आणि मिरवणूक दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतही चालते, तेव्हा 'उद्या उशिरा उघडेल' हे दोन मिनिटांचं काम महिन्याच्या बारा पोस्टपेक्षा जास्त लोकांची खेप वाचवतं. माझ्या तीसेक दुकानांपैकी हे करणारी दुकानं एका हाताच्या बोटांवर मोजावीत. बूस्ट करणारी त्याच्या तिप्पट.

बूस्टचा हिशेब मला सांगायलाच हवा, कारण तो माझा प्रांत. १० हजारांच्या जाहिरातीवर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे ११ हजार ८००. नियमित करदाता असाल आणि जाहिरातीच्या खात्यात स्वतःचा जीएसटी नंबर भरला असेल, तर ते १८०० परत वळते होतात. पण लहान दुकानं बरीचशी जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असतात. उलाढालीवर एक टक्का भरून मोकळी होतात, त्यांना कुठलाच क्रेडिट मिळत नाही. आणि जे नियमित आहेत त्यांनी मुलाच्या कार्डावरून, मुलाच्या नावानं पैसे भरलेले असतात. मार्चमध्ये मी बिल मागतो आणि मला मोबाईलचा स्क्रीनशॉट मिळतो.

जाहिरात करायचीच तर निदान परीघ तरी आखावा. नकाशावर टाचणी रोवून इतक्या किलोमीटरपर्यंतच दाखवा, असं सांगता येतं. तेही डोळे मिटून नाही. सिंहगड रोडवरच्या एका दुकानानं आपल्याभोवती दोन किलोमीटरचं वर्तुळ आखलं. त्यात अर्धं कर्वेनगर आलं. पण मध्ये मुठा आहे! राजाराम पुलावरून वळसा घालून, त्या गर्दीतून, कोण येतं हो फरसाण घ्यायला? वर्तुळाला नदी दिसत नाही. दुकानदाराला दिसते, आणि म्हणूनच हा निर्णय एजन्सीतल्या नव्या पोरावर सोडू नये.

कॅफेवाल्यांचा आणि इन्फ्लुएन्सरांचा विषय मी थोडक्यात उरकतो. फुकट जेवण आणि वर पैसे घेऊन 'हिडन जेम' म्हणणाऱ्यानं ती जाहिरात आहे असं स्पष्ट लिहिलं पाहिजे, असं जाहिरात मानक परिषदेच्या १४ जून २०२१ पासून लागू झालेल्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड आहे. तो दंड केवळ करणाऱ्याला नाही, करवून घेणाऱ्यालाही होऊ शकतो. गल्लीतल्या कॅफेवर अशी वेळ येईल असं मला वाटत नाही. पण 'पाच तारे द्या, कॉफी फुकट' अशी कार्डं टेबलावर ठेवणाऱ्यांनी एवढं समजून असावं की हे नकाशाच्या नियमांतही बसत नाही आणि शेजारच्या टेबलावरच्या गिऱ्हाईकाच्या मनातही.

मला सगळ्यात आवडलेलं उदाहरण मात्र आमच्याच सोसायटीतल्या वहिनींचं आहे. त्या भाजणीची चकली आणि अनारसे करतात. फूड लायसन्सचा नंबर डब्यावर असतो. त्यांचं इन्स्टाग्राम नाही. व्हॉट्सॲप बिझनेस आहे, ते २०१८ मध्ये आलं तेव्हापासून. नवरात्र संपलं की स्टेटसवर पहिला फोटो येतो: परातीत वाळत घातलेले तांदूळ, बाकी काही नाही. ज्यांना अनारशाचं गणित माहीत आहे त्यांना कळतं की तीन दिवस तांदूळ भिजले, आता पीठ होणार, ऑर्डर द्यायची वेळ झाली. दुसरा फोटो भाजणीचा. तिसऱ्या दिवशी लिहितात, 'चकलीची ऑर्डर बंद. अनारसे अजून पाच किलो घेता येतील.' बंद म्हणजे बंद. मी एकदा ओळखीनं एक किलो वाढवून मागितली, तर म्हणाल्या, "भाऊजी, सोऱ्या माझा एकच आहे आणि हात दोन."

व्हॉट्सॲपच्या एका प्रसारण यादीत २५६ जणच बसतात, आणि निरोप पोचतो तोही ज्यांनी तुमचा नंबर साठवून ठेवला आहे त्यांनाच. मार्केटिंगवाले याला अडचण म्हणतात. वहिनींच्या धंद्याचं मापही तेवढंच आहे. चाळीस हजारांनी चकली बघितली असती तर त्यांनी काय केलं असतं? एकतर माणसं ठेवून चव घालवली असती किंवा एकोणचाळीस हजार सातशे लोकांना नाही म्हणत बसल्या असत्या.

आता एक गंभीर मुद्दा. पेठेतल्या माणसाला जागेची समज उपजत असते. पागडी म्हणजे काय, अकरा महिन्यांचा करार म्हणजे काय, मालक कधी खाली करायला सांगू शकतो, हे त्याला वकिलाइतकं कळतं. तोच माणूस आपलं सगळं गिऱ्हाईक अशा जागेत नेऊन बसवतो जिथे ना पागडी, ना करार, ना नोटीस. ४ ऑक्टोबर २०२१ ला रात्री नऊनंतर फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप एकदमच बंद पडली ती सुमारे सहा तास. तेव्हा रात्र होती म्हणून निभावलं. माझ्या क्लायंटांपैकी एका बुटिकवालीचं दुःख वेगळं. तिला निरोप आला की तुमच्या फोटोवर कॉपीराइटची तक्रार आहे, २४ तासांत खुलासा करा. तिनं घाबरून दिलेल्या लिंकवर पासवर्ड टाकला. चार वर्षांचे फोटो, मापं, ऑर्डरच्या गप्पा, सगळं दुसऱ्याच्या हातात गेलं. दुकान भाड्याचं असतं तर ती मालकाच्या दारात जाऊन बसली असती. इथे दारच नव्हतं. कागदावर ते आहे: २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी कंपन्यांना तक्रार अधिकारी नेमायला लावलं आणि २०२३ पासून त्याच्या निर्णयावर सरकारच्या अपील समितीकडे जाता येतं. तिला हे माहीत नव्हतं. कबूल करतो, मलाही नव्हतं. मला कळेपर्यंत तिनं नवं खातं उघडून शून्यापासून सुरुवात केली होती. व्यापारी संघटनांनी रील कशी करावी याच्या कार्यशाळेत हा अर्धा तास घातला तर मी स्वतः शिकवायला जाईन, चहासुद्धा माझा.

तोवर मी सगळ्यांना एकच सांगतो, दोनशे पानी वही घ्या. नाव, नंबर, काय घेतलं. नंबर विचारून घ्यायचा, आणि नको म्हणाला तर पानावर रेघ मारायची.

यावर तरुण मंडळी मला अडवतात. नवीन दुकानाला कोण ओळखणार? ज्याची तीन पिढ्यांची पाटी नाही त्यानं काय करायचं? हा प्रश्न रास्त आहे आणि माझ्याकडे त्याला अर्धंच उत्तर आहे. नवीन दुकानानं पहिल्या काही महिन्यांत आसपासच्या दोन-तीन किलोमीटरपुरती जाहिरात जरूर करावी. दुकान उघडलं आहे ही बातमीच आहे, आणि बातमी पसरवायला पैसे लागतातच, पत्रकांनाही लागायचे. पण सहा महिन्यांनंतरही दर महिन्याला बातमी विकतच घ्यावी लागत असेल, तर मला जाहिरातीपेक्षा मालाची शंका येते. हे मी एका मुलाला तोंडावर म्हटलं, त्याला राग आला, आणि तो दुसऱ्या कर सल्लागाराकडे गेला. असो.

कुठून काय मिळतं, हे मोजायची काकांची एक पद्धत आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला त्यांनी पेन्सिलनं रकाने पाडले आहेत. येणाऱ्या प्रत्येकाला विचारतात, "आमचं कुठून कळलं?" आणि चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. 'नकाशा' या रकान्यात मागच्या महिन्यात जागा पुरली नाही, रेघा समासात गेल्या. 'ओळखीतून' त्याच्या खालोखाल. 'जाता जाता' बऱ्यापैकी. कुणीतरी नकाशावर 'मालक उद्धट आहेत' असं लिहून एक तारा दिला आहे. त्याखाली काकांचं उत्तर आहे: 'आपण मिक्सर न धुता आणला होता.'

चौथा रकाना 'रील'चा. त्यात अजून एकच रेघ आहे. मी म्हटलं, "काका, हा खोडून टाका की, जागा होईल."

"राहू दे," ते म्हणाले. "पुतण्या दर रविवारी येतो, त्याला वाईट वाटेल."

आणि त्यांनी 'नकाशा'च्या रेघा त्या रकान्यात वळवल्या.